सिंधुबाईंचं आजोळ

शिवणाचा तास संपला तरी सिंधुबाई मुलींना जागेवरून उठू देत नसत. वाटलेली प्रत्येक सुई त्यांच्या हातात परत आली की मगच वर्गाचं दार उघडायचं. घरी निघण्याआधी त्या शिक्षकांच्या खोलीत उभ्या राहून पदर झटकायच्या, निऱ्या चाचपायच्या, एखादी टाचणी अडकून राहिली नाही ना ते पाहायच्या. छप्पन साली मी यवतमाळच्या त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले तेव्हा मला हे सगळं विक्षिप्त वाटलं होतं.

मग एकदा त्यांनी घरी चहाला बोलावलं. टेबलाच्या, पाटांच्या, चौकटीच्या सगळ्या कडांना जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. सतरंजीवर त्यांचा मधू बसला होता. आठेक वर्षांचा असेल. एक गुडघा नारळाएवढा सुजलेला.

"याचं रक्त थांबत नाही," सिंधुबाई म्हणाल्या. "दुधाचा दात पडला तवा सारी उशी भिजली होती. आता आतल्या आतच सांडते."

चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या सासूबाई वर न पाहता बोलल्या, "आमच्या घराण्यात असं कोणाले नाही. माहेरूनच आणलं हे."

हे वाक्य त्या घरात रोज उच्चारलं जात असावं, कारण मधूनेसुद्धा मान वर केली नाही. सिंधुबाईंचे यजमान कचेरीत नोकरीला होते, सज्जन होते, आणि अशा वेळी वर्तमानपत्र वाचायचे.

सिंधुबाईंना माहेर असं नव्हतंच. आईवडील लहानपणी गेले, पुसदला आत्याने वाढवलं, आता आत्याही नव्हती. बोलणं पुसदच्या बाजारातलं, सडेतोड. कुणी आडवळणाने काही सांगू लागलं की त्या हात वर करून म्हणायच्या, "अर्धी गोष्ट मले सांगू नका. पुरी सांगा, नाही तर राहू द्या." शाळेत मुख्याध्यापिकाही त्यांच्यापुढे सरळ बोलत.

नागपूरच्या डॉक्टरांनाही त्यांनी हेच सांगितलं, आणि डॉक्टरांनी पुरी गोष्ट सांगितली. हा विकार बहुधा आईच्या रक्तातून मुलाकडे येतो. बाईला स्वतःला काही होत नाही, तिच्या मुलग्यांना होतं. तिच्या मुलीही तो पुढे नेऊ शकतात. तुमच्या आईला भाऊ होते का? ते जगले का? ते धडधाकट असतील, तर तुमच्या मुलीची काळजी बरीच कमी होईल.

मुलगी म्हणजे शरयू, मधूची थोरली बहीण. वणीचं एक चांगलं स्थळ तिला जवळजवळ ठरलं होतं.

आजोळाबद्दल सिंधुबाईंना एवढंच ठाऊक होतं की आजोबा भगवंतराव वकील याच यवतमाळात राहत आणि गावात त्यांना मान होता. आत्या आजोळाचा विषय निघाला की उठून जायची. मग राहिलं गावातलं मोठं वाचनालय. तिथल्या माडीवर जुन्या साप्ताहिकांच्या बांधीव फायली होत्या. ग्रंथपालांनी परवानगी दिली आणि शाळा सुटली की आम्ही दोघी तिथे जाऊ लागलो. मी पानाचा वरचा अर्धा भाग पाहायची, त्या खालचा. कागद इतका वाळलेला की पान उलटताना श्वास धरावा लागे.

भगवंतराव पुष्कळदा भेटले. सभेचे अध्यक्ष, शाळेला देणगी, दुष्काळात धान्यवाटप. पण त्यांच्या मुलाची मुंज, मुलगा मॅट्रिक झाला, मुलाचं लग्न, असं कुठेच काही नाही. सिंधुबाई प्रत्येक पानावर एखादा धडधाकट मामा शोधत होत्या. "एक तरी भेटू दे," त्या पुटपुटायच्या. "म्हातारा असो, भांडखोर असो, भेटू दे."

शेवटी भगवंतरावांच्या निधनाची बातमी सापडली. त्यांच्या मागे पत्नी व दोन कन्या आहेत, असं छापलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे मुलगेच नव्हते. संपला प्रश्न."

त्यांचा चेहरा क्षणभर सैलावला. मग त्या हळूच म्हणाल्या, "नव्हते, का राह्यले नाहीत? हे अर्धंच झालं, बाई."

खिडकीशी एक वयस्क गृहस्थ उर्दू वर्तमानपत्र वाचत बसायचे. करीमसेठ, कापडाचे व्यापारी. आमचं बोलणं त्यांच्या कानावर पडत असणार. त्यांनी चष्मा काढला.

"भगवंतराव वकिलांची तू कोण, बेटी?"

"नात. धाकट्या लेकीची."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "आमचं घर त्याइच्या घराले लागून होतं," मग म्हणाले. "जाऊ दे नं. जुन्या गोष्टी कायले उकरून राह्यली?"

"माह्या पोराचं रक्त थांबत नाही, चाचा. पुरी गोष्ट सांगा."

करीमसेठांनी डोळे मिटले. "तीन पोरं होते वकीलसाहेबाले. गजानन माह्या बरोबरीचा. लिंबावरून पडला. जखम बोटाएवढी नव्हती, पण गेला. श्रीधरचा दात काढला, तो गेला. सगळ्यात लहान्याचे बारशाच्या दिवशी कान टोचले. नाव ठेवाच्या आधीच गेला तो. मंग वकीलसाहेबानं साऱ्या मोहल्ल्याले हात जोडले, का माह्या पोरीइचे लग्न व्हायचे आहेत, कोणी काही बोलू नका. आम्ही नाही बोललो. आज पहिल्यांदा बोलून राह्यलो."

सिंधुबाई उठल्या. फाइल मिटायचीही त्यांना शुद्ध नव्हती. जिन्यात त्या पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. "म्हातारी खरंच सांगत होती," एवढंच म्हणाल्या. "माहेरूनच आणलं."

घरी जाऊन त्यांनी सासूबाईंना तसंच सांगितलं. म्हातारीने कपाळाला हात लावला, पण शब्द वेगळाच निघाला. "हे वणीवाल्याइले सांगू नको. तुह्या आजानं दडवलं, तुही आई उजवली. तू बी दडव."

"आजानं दडवलं म्हणून मी मधूले असा बसलेला पाहून राह्यली," सिंधुबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मला सोबत घेऊन त्या वणीला गेल्या. मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, मोटारीपर्यंत पोचवायला आले. आठवड्याने मध्यस्थाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाहीत. यजमानांनी बरेच दिवस अबोला धरला. शाळेत बाया त्यांच्या माघारी कुजबुजू लागल्या. मलाही वाटलं, बाईंनी मुलीचं आयुष्य स्वतःच्या हाताने मोडलं. न राहवून मी शरयूला विचारलं, आईचा राग येत नाही का?

"येतो," ती म्हणाली. "पण आई बोलली नसती, तर उद्या माह्या मांडीवर असाच मधू असता, अन् मले काहून ते समजलंच नसतं." त्या पावसाळ्यात ती परिचारिकेचं शिक्षण घ्यायला नागपूरला गेली.

मधू बारा वर्षांचा झाला नाही. नळापाशी पाय घसरला आणि डोकं आपटलं. शेजारच्या मेकॅनिकने नागपूरला न्यायला जीप काढली, पण वाटेतलं कळंब ओलांडायच्या आतच पोराचा हात आईच्या हातात थंड पडला. जीप तिथूनच परत फिरली. सिंधुबाई वाटभर त्याचे केस सारखे करत होत्या.

पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं आणि मी यवतमाळ सोडलं. निघण्याआधी त्यांच्या घरी गेले तो दिवस सर्वपित्री अमावास्येचा होता. मधली खोली सारवलेली. मधूच्या फोटोपुढे एक पान वाढलेलं आणि त्याच्या शेजारी आणखी तीन. सासूबाई भिंतीला धरून बाहेर आल्या.

"हे कोणाचे?"

"माह्या मामाचे. हा गजानन, हा श्रीधर. इतक्या वर्षांत कोणी नाव घेतलं नाही त्याइचं."

"अन् हे?"

"ह्याचं नावच नव्हतं ठेवलं."

म्हातारी त्या पानापाशी बसली. वडा, भाजी, कढी, सगळं नीट वाढलेलं होतं. तिने हात लांब करून वडा उचलला आणि बाजूला ठेवला.

"एवढंसं लेकरू वडा खाईन का," ती म्हणाली. "त्याले दूधभात वाढ."

सिंधुबाई उठल्या आणि भात मऊ कालवायला आत गेल्या.