कारणाचा रकाना

पत्र्याचे डबे करणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारे कुणी उरले नव्हते. सगळे त्यांना बोळेकाका म्हणत. सकाळी सव्वासातला ते कानठळ्या बसवत पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे प्रेसखात्याच्या, दारात उभे राहत. हातात एक डबा, डब्यात कानात घालायचे पिवळे बोळे. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर दोन बोळे ठेवायचे आणि ते कानांत गेल्याशिवाय दार सोडायचे नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम.

"काका, हे घरी नेऊ का? बायको बोलायला लागली की उपयोगी पडतील," कुणीतरी रोज विचारी.

"ने. पण मान हलवत राहा, नाहीतर जेवायला मिळायचं नाही," काका रोज तेच उत्तर देत, आणि रोज तेवढाच हशा पिके.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते याच खात्यात प्रेसवर लागले होते. तेव्हा असे बोळे नव्हते. कुणी जुन्या उशीतला कापूस काढून कानात कोंबे, आणि मुकादम त्याला "नाजूक नार" म्हणून चिडवी. ते ऐकायला लागू नये म्हणून बाकीचे उघड्या कानांनी उभे राहत. काकाही अठरा वर्षे तसेच उभे राहिले. पुढे कंपनीने सुरक्षा विभाग काढला, म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि एक कपाट, आणि साहेब म्हणाले, "हा माणूस नाहीतरी प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालतो. बसवा त्याला तिथे."

त्यांनी खरोखरच हुज्जत घातली. अपघाताच्या फॉर्मवर 'कारण' नावाचा एक रकाना असतो. मुकादम तिथे डोळे मिटून लिहीत, 'कामगाराचा निष्काळजीपणा.' काका त्यावर लाल शाईने काट मारून फॉर्म परत पाठवत. "निष्काळजीपणा हे कारण नाही," ते म्हणत, "तो विचार करायचा कंटाळा आहे." पॅकिंगमधल्या एका बाईचे बोट पत्र्याने कापले, तेव्हा 'हातमोजे घातले नव्हते' एवढ्यावर मुकादम थांबला. का घातले नव्हते, हे काकांनी तिला जाऊन विचारले. तिने मोजा घालून दाखवला. तो पुरुषाच्या मापाचा होता आणि तिच्या बोटांपुढे इंचभर लोंबत होता. "कारण चुकलं की उपाय चुकतो," ते नव्या लोकांना शिकवत, "आणि चुकीचा उपाय पुढच्या माणसाला गाठतो."

स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी एक रकाना पाच वर्षे खोटा भरला होता.

मोठ्या आवाजात वर्षे काढलेल्या माणसाचे आधी बारीक, तीव्र आवाज जातात. खर्जातले आवाज बराच काळ येत राहतात, त्यामुळे माणसाला वाटते, आपले कान शाबूत आहेत. हे काका सुरक्षेच्या शिबिरात फळ्यावर आकृती काढून समजावत. त्यांचे स्वतःचे तसेच झाले. आधी शेजारच्या खोलीतला फोन गेला. मग पहाटेची पाखरे गेली. पहिले काही दिवस त्यांना वाटले, यंदा पाखरेच आली नाहीत.

दरवर्षी प्रथमोपचार खोलीत सगळ्यांची श्रवणचाचणी होई. पुढेमागे काचेची खिडकी असलेल्या एका लाकडी खोक्यासारख्या खोलीत बसायचे, कानांवर यंत्र लावायचे, आवाज आला की बोट वर करायचे. सिस्टर बाहेर पाठीमागे बसून बटण दाबी. पाच वर्षांपूर्वी तिथे बसले असता काकांच्या लक्षात आले की समोरच्या औषधांच्या कपाटाच्या काचेत सिस्टरचे कोपर दिसते. बटण दाबताना ते किंचित पुढे येई. त्या दिवशी त्यांनी कोपर हलले तेव्हा बोट वर केले. चाचणी उत्तम. पुढच्या वर्षीही उत्तम. आता निवृत्तीला चौदा महिने उरले होते, म्हणजे आणखी एकच चाचणी.

कारखान्याच्या मागच्या अंगणात जमिनीखाली धुण्याच्या घाण पाण्याची टाकी होती. वर्षातून एकदा ती रिकामी करून आत माणूस उतरे आणि तळाचा गाळ काढी. टाकीचे तोंड खांद्याएवढे रुंद, आणि आतून ती गुडघ्यासारखी वाकलेली. वळणापलीकडे गेलेला माणूस वरून दिसत नसे. म्हणून उतरण्याआधी वायूची तपासणी, स्वच्छ हवा आत ढकलणारा ब्लोअर, कमरेला दोर, आणि तोंडाशी एक पहारेकरी, ज्याने काही झाले तरी जागचे उठायचे नाही. वळणावरच्या खांबाला दोर अडकतो हे पाहून सहा वर्षांपूर्वी काकांनीच आणखी एक गोष्ट सुरू केली होती: उतरणाऱ्याच्या गळ्यात शिट्टी.

त्या मंगळवारी नेहमीचा पहारेकरी रजेवर होता. टाकीत उतरण्याच्या परवान्यावर त्याच्या जागी काकांनी स्वतःची सही केली. सही करताना हात क्षणभर थबकला. पण आत उतरणार होता लांब्या. सव्वासहा फूट उंच, आवाज नगाऱ्यासारखा. त्याचे तर सगळे ऐकू येते, असे त्यांनी मनाशी म्हटले.

दहा वाजून वीस मिनिटांनी लांब्या उतरला.

"काका, तुमच्या ऑफिसपेक्षा इथली हवा बरी आहे!" खालून त्याचा आवाज आला.

"मग तिथेच टेबल टाकून देतो. गप्पा कमी, फावडं जास्त!"

लांब्या हसत वळणापलीकडे गेला. काका मनगटावरच्या घड्याळाकडे आणि टाकीच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत बसले. मांडीवर वही. दर पाच मिनिटांनी नोंद करायची. दहा पस्तीसला त्यांनी लिहिले, 'सर्व ठीक.'

चाळीस पावलांवर रंगारी कुंपणाला रंग देत होता. तो ब्रश टाकून धावत आला. "काका! शिट्टी! कधीची वाजतेय शिट्टी!"

काकांनी टाकीत बघितले. त्यांना ब्लोअरची घरघर ऐकू येत होती, रंगाऱ्याचा धापा टाकणारा श्वाससुद्धा ऐकू येत होता. शिट्टी नव्हती.

पुढचे मात्र त्यांच्या हातांना पाठ होते. त्यांनी दोर ओढला. तो खांबाला अडकला होता. रंगारी आत उतरायला निघाला, त्याची कॉलर धरून त्यांनी त्याला मागे खेचले. "एक आत आहे, दुसरा नको!" ब्लोअरचा पाइप त्यांनी हातभर, मग आणखी हातभर आत सरकवला. ढवळलेल्या गाळातून कुबट वायू सुटून लांब्याला भोवळ आली होती, पाय घसरून मोडला होता. पाइपाच्या तोंडातून येणाऱ्या हवेकडे तो सरपटत आला आणि तेवढ्यात खांबावरचा दोर सैल पडला. काका, रंगारी आणि ओरडा ऐकून धावत आलेला आणखी एक कामगार, अशा तिघांनी मिळून त्याला वर काढले. तो पांढराफटक पडला होता, पण श्वास चालू होता.

"झोपला होतात काय काका?" रंगारी म्हणाला. "मी तिकडून ऊर फुटेस्तोवर पळत आलो, आणि तुम्ही आपले समाधी लावून बसलेले!"

काकांनी वहीकडे पाहिले. लांब्या शिट्टी फुंकत होता त्या चार मिनिटांच्या मधोमध त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिले होते, 'सर्व ठीक.'

दुपारी दवाखान्यात लांब्या पायाला प्लास्टर घालून पडला होता. पाय पलंगाबाहेर आले होते.

"किती वेळा वाजवलीस?" काकांनी विचारले.

"तीनदा. मग परत तीनदा. मग मोजलं नाही." लांब्या छताकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, काका उठून गेले. मग म्हटलं, काका उठून जायचे नाहीत, आकाश कोसळलं तरी. म्हणजे मीच वाजवत नसेन, नुसतं वाटत असेल. तेव्हा घाबरलो बघा. त्याच्या आधी नव्हतो घाबरलो."

काकांनी त्याच्या उशाशी पाण्याचा पेला भरून ठेवला आणि निघाले.

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी बोलावले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी काकांना बसायला सांगितले.

"ब्लोअर तुमच्या शेजारी होता ना? त्याच्या घरघरीत शिट्टी दबली. सरळ आहे. तसं लिहा आणि मोकळे व्हा."

"रंगाऱ्याला चाळीस पावलांवरून आली ऐकू."

"तो लांब होता, ब्लोअरपासून दूर. उलट त्यानं सिद्धच होतंय." साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. "चौदा महिने राहिलेत तुमचे. नाकासमोर चाललात आयुष्यभर."

"आणि उपाय काय लिहू, साहेब?"

"पुढच्या वेळी माणूस आत असताना ब्लोअर बंद ठेवायचा. शिट्टी स्पष्ट ऐकू येईल."

साहेब अगदी सहज बोलले. काका फॉर्म घडी करून खिशात ठेवत होते, तो हात तसाच राहिला. त्या हवेच्याच आधाराने लांब्या सरपटत आला होता. एक खोटे कारण, आणि त्याच्या पोटी हा उपाय. पुढच्या वर्षी कुणीतरी कागद वाचील, नियमाप्रमाणे बटण बंद करील आणि नियमाप्रमाणे मरेल.

"उद्या देतो," ते म्हणाले.

घरी जेवण झाल्यावर त्यांनी पत्नीला सगळे सांगितले. कपाटाच्या काचेसकट सांगितले. ती ताटे उचलता उचलता थांबली, समोर येऊन बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बोलली. इतकी वर्षे ती अशीच समोर येऊन बोलत होती, हे त्यांच्या आज लक्षात आले.

"मला काय नवीन सांगता? तुम्हाला दारावरची घंटा ऐकू येत नाही, म्हणून चार वर्षं मी पदराला किल्ली बांधून फिरते."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण दरवर्षी तुम्ही तो कागद आणून टेबलावर ठेवायचा, 'श्रवणशक्ती उत्तम'. माणसाशी भांडता येतं हो. कागदाशी कोण भांडणार?"

थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या मुलाची आई गेली होती का दवाखान्यात?"

"होती तिथेच. मला चहा घेऊन आली."

"घेतलात?"

"घशाखाली उतरला नाही."

ती उठली. जाताना तिने त्यांच्या खांद्यावर दोन बोटे टेकवली. मागून येताना त्यांना कळावे म्हणून ती नेहमी तशी टेकवी. आता मात्र ती समोरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काका प्रथमोपचार खोलीत गेले. "सिस्टर, माझी चाचणी घ्या. पण आधी त्या कपाटावर चादर टाका."

"कपाटावर? कशाला?"

त्यांनी सांगितले. सिस्टर बराच वेळ कपाटाच्या काचेकडे बघत राहिली. मग तिने खोक्यात बसून पाहिले, बाहेर येऊन स्वतःच्या कोपराकडे पाहिले.

"काका, प्रेसखात्याचे कान दरवर्षी सुधारतायत," ती हळू म्हणाली. "वय वाढतं तसे सुधारतायत. मी तक्ता करून वर पाठवते. मला वाटायचं, तुमच्या बोळ्यांचा गुण."

काका खुर्चीत बसले. आपण एकटेच चोर आहोत, अशी पाच वर्षे त्यांची समजूत होती. आता प्रेसखात्यातली एकेक माणसे डोळ्यांसमोर आली, जी याच खुर्चीत बसून काचेकडे बघून बोट वर करीत होती. नोकरीच्या भीतीने, किंवा मुकादमाच्या 'नाजूक नार'ला अजून भिऊन. वीस वर्षे ते दाराशी उभे राहून त्यांच्या कानांत बोळे घालत होते आणि त्यांच्या कानांचे काय झाले आहे, याचा एक खरा आकडा त्यांच्यापाशी नव्हता.

चादर टाकली गेली. सिस्टरने बटण दाबायला सुरुवात केली. काका पांढऱ्या चादरीकडे बघत बसले. खर्जातले आवाज आले, बोट वर झाले. मग काहीच आले नाही. बोट मांडीवर पडून राहिले. सिस्टरने काढलेला त्यांच्या कानांचा आलेख उजवीकडे, बारीक आवाजांकडे जाताना जिन्यावरून पडल्यासारखा खाली गेला होता.

तिथेच बसून त्यांनी फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात लिहिले: 'पहारेकऱ्याला शिट्टीचा आवाज ऐकू येत नाही. हे त्याला पाच वर्षांपासून माहीत होते. पाहा, सोबतचा आलेख.' उपायाच्या रकान्यात लिहिले: 'ब्लोअर कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. पहाऱ्यावर बसण्यापूर्वी कानांची तपासणी, चादरीसह. प्रेसखात्यातील सर्वांची पुन्हा चाचणी. ऐकू येत नाही म्हणून कुणाचीही नोकरी जाणार नाही, असे आधी लेखी द्यावे. सध्याच्या पहारेकऱ्यास या कामावरून दूर करावे.'

साहेबांनी फॉर्म दोनदा वाचला. "हात दाखवून अवलक्षण, काका."

"हो."

"हे 'नोकरी जाणार नाही' वर विचारावं लागेल मला."

"विचारा. ते आल्याशिवाय एकही माणूस खरं बोट वर करायचा नाही."

उत्तर यायला सात आठवडे लागले, पण नोकरी कुणाचीही जाणार नाही, असे लेखी आले. काकांना सुरक्षा विभागातून काढून भांडाराच्या टेबलावर बसवले गेले. प्रेसखात्यातल्या एकेचाळीस जणांची पुन्हा चाचणी झाली, त्यांपैकी तेवीस जणांचा आलेख जिन्यावरून पडला. सगळ्यात वाईट सहा जणांना प्रेसवरून हलवले. त्यांतला एक म्हातारा भांडाराच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "काय बोळेकाका, स्वतः बुडालात आणि आम्हालाही नेलंत." काकांनी त्याला बाकावर बसवून घेतले. तो बराच वेळ बसला, आणि त्यांच्या डाव्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडत बोलत राहिला.

पुढच्या वर्षी टाकी साफ करायची वेळ आली, तेव्हा काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्यांना कुणी बोलावले नव्हते. ते जेवणाची सुट्टी सोडून मागच्या अंगणात गेले आणि आखलेल्या पिवळ्या रेषेबाहेर उभे राहिले. ब्लोअर चालू होता. पहाऱ्यावर रंगारी बसला होता. त्याचे कान उत्तम निघाले होते. गळ्यात शिट्टी घालून लांब्याच उतरणार होता, दुसऱ्या कुणाला त्याने उतरू दिले नाही.

"काका, वळणावर पोचलो की एकदा वाजवून बघतो," तो थोडा लंगडत शिडीकडे जाताना म्हणाला.

तो खाली गेला, दिसेनासा झाला. काका टाकीच्या तोंडाकडे बघत नव्हते, रंगाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना ब्लोअरची घरघर ऐकू येत होती. दुसरे काहीच ऐकू येत नव्हते.

रंगाऱ्याने हात वर केला.