हजेरीपटावरची माझी सही

आयसेलिनला एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी दोन वर्षं इंग्रजी शिकवलं. अमेरिकेत नव्यानं आलेल्यांसाठी सरकारचा वर्ग होता तो, पण कंत्राट एका खासगी संस्थेकडे. तिथला मॅनेजर नागपूरचा. मला ताई म्हणायचा.

त्या हिवाळ्यात कागदपत्रं नसलेल्यांच्या धरपकडीच्या बातम्या सुरू झाल्या आणि वर्ग ओसरायला लागला. चौदाचे सहा झाले. एकच बाई एकदाही चुकली नाही. ग्वाटेमालाची, हॉटेलात खोल्या साफ करणारी. मुलाच्या डॉक्टरशी स्वतः बोलता यावं, एवढंच तिला हवं होतं.

"ताई, हजेरी कमी दिसली तर वर्ग बंद पडेल," मॅनेजर म्हणाला. "न आलेल्यांपुढेही खूण करून टाका ना यार."

मी नाही म्हटलं. तो नुसता हसला. मला वाटलं, विषय संपला.

मार्चमध्ये एका सकाळी सरकारची तपासनीस आली. मागे बसून तिनं दोनदा डोकी मोजली, मग मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर शनिवारच्या वर्गांचे हजेरीपट होते. शनिवारी वर्ग कधी भरलाच नव्हता. प्रत्येक कागदाखाली माझी सही होती, माझ्या खऱ्या सहीसारखीच डावीकडे कललेली.

"ही सही तुमची?"

दाराशी उभा असलेला मॅनेजर मराठीत, अगदी मायेनं म्हणाला, "हो म्हणा ताई. तुमचं ग्रीनकार्ड अजून यायचंय ना?"

तिनं पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "माझी नाही."

तिनं ते लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात तपासनीसबाईंबरोबर दोन माणसं येऊन कपाटातल्या सगळ्या फायली खोक्यांत भरून घेऊन गेली. त्यात विद्यार्थ्यांचे फॉर्म होते. पत्ते, फोन, मुलांच्या शाळा. असं काही होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तपासनीसबाईंना जिन्यात गाठलं.

"हे पत्ते कुठे जाणार?"

"चौकशी होईपर्यंत आमच्याकडे."

"आणि नंतर?"

"ते माझ्या हातात नाही," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

त्या दुपारी मी सगळ्यांना फोन केले. ग्वाटेमालाच्या बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सावकाश विचारलं, "टीचर, माझा कागद पण?"

"हो."

तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो नंबर लागेना.

वर्ग बंद झाला. मॅनेजरचं काय झालं, मला कळलं नाही. रविवारी मी ग्वाटेमालाच्या बाईच्या घरी गेले. खिडकीला पडदे नव्हते, आत नुसती रिकामी खोली. शेजारच्या म्हातारीनं साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"गेले ते. कुठे, ते विचारू नका." मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत तिनं विचारलं, "तुम्ही कोण? सरकारी का?"

मी उत्तर देणार तोच आतून कडी लागली.