शेजारच्या भट्टीचा शिक्का

शेजारच्या इटालियन आजींचं गाव डोंगरावर आहे. तिथली दगडी घरं एकमेकांना इतकी खेटून उभी, की घरोघरी भट्टी बांधायला जागाच नाही. म्हणून गल्लीच्या टोकाला सगळ्यांची मिळून एक भट्टी, आणि आपला पाव ओळखू यावा म्हणून प्रत्येक घराचा वेगळा लाकडी शिक्का.

तशी भट्टी इथे कॅनडात, ग्वेल्फमध्ये, आजींच्या बॅकयार्डात बांधायचं मी अंगावर घेतलं. जन्मभर पूल बांधून रिटायर झालेली बाई मी, तरी भट्टीचा घुमट दोनदा कोसळला. मुलगा म्हणाला, "आई, जस्ट बाय वन!" त्याला म्हटलं, "तू गप माती कालव." तिसऱ्यांदा घुमट उभा राहिला.

पहिला पाव भाजायच्या दिवशी आजींनी माझ्या हातात नवा शिक्का ठेवला. त्यावर पूल कोरला होता.

"दोनच तर घरं आपली," मी म्हटलं. "माझा वाकडा पाव कुणीही ओळखेल. शिक्का कशाला?"

"शिक्का नसला, तर दर वेळी मला विचारून भट्टी पेटवशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं फाटक उघडून मी आत शिरले आणि भट्टी पेटवली. विचारलं नाही.