आईच्या पलंगाखालची जमीन

आईला दुपारी जमिनीखालून आवाज यायचा. किन्हीराजाच्या आमच्या घरी जेवणं आटोपून सामसूम झाली, की ती आतल्या खोलीत पलंगावर आडवी व्हायची आणि थोड्या वेळानं म्हणायची, "खाली कोनीतरी कोरून राह्यलं."

बाबांचं सारं आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलेलं. पट्ट्याच्या खडखडाटानं त्यांचे कान जड झाले होते. तरी ते फरशीला कान लावायचे, डोळे मिटून ऐकल्यासारखं करायचे आणि सांगायचे, "काही नाई. तुले भास होते."

मी वाशीमला शाळेत शिकवते. फोन केला, की दोघांच्या तक्रारी वेगवेगळ्या ऐकाव्या लागत. आई म्हणायची, "तुह्या बाबाले ऐकू येत नाई, अन् येडी मले ठरवते." बाबा म्हणायचे, "तुही माय न्हानीतला साबन हरवते, अन् नाव माह्यं घेते." मी दोघांनाही हो म्हणायचे.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या त्याच आठवड्यात आई पडली. पलंगावरून उतरताना पायाखालची फरशी एका बाजूला कलंडली. हाड वाचलं, पण घोटा टम्म सुजला. मी मिळाली ती बस धरून पोचले, तेव्हा बाबा तिच्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. मला पाहताच उठले, काठी घेतली आणि फरशी ठोकत खोलीभर फिरले. आवाज त्यांना नीट कळत नव्हता, म्हणून एका हातानं ठोकायचे आणि दुसरा तळवा फरशीवर ठेवायचे.

"पुऱ्या खोलीची फरशी काढू," ते म्हणाले.

शिरपूरचा मिस्त्री येऊन पाहून गेला. लग्नाच्या घाईत होता बिचारा, त्याच्याच मुलीचं होतं. "टाइल मी बसवून देतो काका. पन माह्या येण्याआधी जमीन पक्की करून ठेवा. खाली पोकळ राह्यली, तं कितीबी भारी टाइल आना, फुटनच."

मग आम्ही बापलेकच लागलो कामाला. आईची खाट ओसरीत, दारासमोर टाकली. पायाखाली उशी, हातात पंखा, नजर आमच्यावर. काही फरश्या बोटांनी उचलाव्या तशा निघाल्या. काहींसाठी छन्नी-हातोडी चालवावी लागली. खाली चिकटून राहिलेला जुन्या सिमेंटचा थर खरवडताना इतकी धूळ उडाली, की बाबा परत गिरणीतून आल्यासारखे दिसू लागले.

"डोये धुवा आधी!" आई बाहेरून ओरडली.

पलंग होता त्या जागी मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारली, तर ती अर्धी आत गेली. बाबांनी माती बाजूला केली. चांगला हात जाईल एवढं बीळ, पार मागच्या नालीकडं गेलेलं. बाबा पोटावर आडवे होऊन टॉर्चनं आत पाहू लागले.

"काय हाये व?" आईनं मला विचारलं.

मी बाबांकडं पाहिलं. सांगायचं त्यांनीच होतं. ते हळूच म्हणाले, "घूस."

"काय म्हनलं? मले ऐकू नाई आलं."

तिला व्यवस्थित ऐकू आलं होतं. बाबांना "घूस, घूस!" असं इतक्या मोठ्यानं सांगावं लागलं, की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. आईनं पंखा बाजूला ठेवला आणि ती ताठ होऊन बसली. पण तोवर बाबांनी बिळात हात घातला होता. भुईमुगाची टरफलं निघाली, आईच्या जुन्या पोलक्याची बाही निघाली आणि त्यामागून कुरतडलेले गुलाबी साबणाचे तुकडे. बाबांनी ते तळहातावर घेतले, ओसरीत गेले आणि आईसमोर धरले.

"हा पाहा तुह्या साबनाचा चोर."

आई इतकी हसली, की हसता हसता दुखरा पाय धरून बसली. बाबाही हसले. मी सब्बल टेकून दोघांकडं पाहत राहिले.

घूस केव्हाच नालीच्या वाटेनं पळाली होती. बिळाचं तिकडचं तोंड आम्ही काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवलं. पोखरलेली काळी माती कडक जमीन लागेपर्यंत उपसली. आमच्याकडची ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर फरशी टिकत नाही. तिच्या जागी मुरूम टाकला, पाणी मारलं, धुम्मस घेऊन ठोकला, वर पुन्हा मुरूम. हाताला फोड आले. बाबा "आता पुरे" म्हणाले, की आई ओसरीतून सांगायची, "अजून एक डाव पानी पाजा." आणि बाबा निमूटपणे बादली भरायचे.

उंची जुळवायला आम्ही पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरली. एक टोक बाबांकडं, दुसरं खाटेवरच्या आईच्या हातात. दोन्हीकडचं पाणी एका पातळीवर आलं, की मी भिंतीवर खूण करायची.

"हलवू नका, हो!" आई बाबांना म्हणायची.

"मी कायले हलवू? तुहाच हात हलून राह्यला."

खुणा झाल्यावर आम्ही कोबा टाकला, थापीनं सारखा केला आणि ओली पोती पांघरून भिजत ठेवला.

मिस्त्री येणार त्याच्या आदल्या सकाळी मी पोती काढून खोली झाडत होते. आई खाटेवरून म्हणाली, "मले पाहू द्या चालून."

मी झाडू टाकून हात पुढं केला. तिनं तो घेतला नाही. बाबा उठून तिच्याजवळ गेले, तेव्हा तिनं त्यांचा हात धरला. या दोघांनी एकमेकांचा हात धरलेला मी आजवर पाहिला नव्हता. मी भिंतीशी सरकले.

खडबडीत कोब्यावर ती अनवाणी, पाऊल पाऊल टेकत चालू लागली.

"जरा हळू," ती म्हणाली.

"तूच पुढं चालून राह्यली," बाबा म्हणाले.

समोरच्या भिंतीपर्यंत पोचल्यावर तिनं दम घेतला. बाबांनी खुर्ची आणू का विचारलं. तिनं मानेनंच नको म्हटलं, त्यांचा हात नीट धरला आणि दोघं परत फिरले.