एका वर्षाचा फ्लेक्स

चूक माझीच. आधीच कबूल करून टाकतो, म्हंजी मधीच कुणी बोट दाखवायला नको.

मी विनोद. खुटबावात आमची वस्ती हाय, आन् वस्तीत कुणाचं काय चांगलं झालं की विहाराम्होरं फ्लेक्स लावायचं काम माझं. दहावी पास, सैन्यात भरती, नवी गाडी, कशाचाही लावतो. मागच्या जूनला सुरेखा वहिनी बी.ए. झाल्या तवा मी कुणाला विचारत बसलो न्हाई. मधोमध वहिनींचा फोटो, खाली गॉगल लावलेले आम्ही बारा शुभेच्छुक, आन् वर ठळक अक्षरात, 'अवघ्या एका वर्षात पदवीधर'.

तसं खोटं न्हवतं. वहिनींनी अर्ज भरला आन् वर्षात निकाल आला, हे मी डोळ्यांनी बघितलं. पण त्याच्या आधीचं मी गाळलं. लग्नाआधी त्यांनी दौंडच्या कॉलेजात दोन वर्षं पास केली होती. तिसऱ्या वर्षाची परीक्षा आली तवा त्यांचा पोरगा रुद्र पोटात होता. आमची आई म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. असं पुढचं वर्ष चौदा वेळा आलं.

मधी वहिनी अंगणवाडीत मदतनीस झाल्या. पोरांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची. मग कळलं, सेविकेची जागा रिकामी होणार हाय आन् पदवीला जादा गुण हायेत. मीच शहाणा, कासुर्डीकडच्या एका एजंटाला घरी घेऊन आलो. सहा महिन्यांत डिग्री, पेपरला बसायची गरज न्हाई, असं तो म्हणाला. मला पटलं होतं, सांगायला लाज वाटते. वहिनींनी त्याला चहा दिला आन् विचारलं, "पेपर न देता पास झाले, तर मला काय येतंय हे मला कसं कळायचं?" चहा अर्धा टाकून गेला बिचारा.

वहिनींनी मुक्त विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतला. जुनी दोन वर्षं तिथं धरली. खिचडी शिजेपर्यंत दोन पानं, पोरं गेल्यावर चार पानं, असा अभ्यास. पास झाल्या.

सेविकेचा अर्ज दिला आन् आठ दिवसांत दौंडच्या ऑफिसातून बोलावणं आलं. डिग्री विकत घेतली, अशी कुणीतरी तक्रार केली होती. पुरावा काय, तर माझ्या फ्लेक्सचा फोटो.

मी त्यांना गाडीवरून घेऊन गेलो. तिथल्या मॅडमनी मोबाईल पुढं धरला. "तीन वर्षांची बी.ए. एका वर्षात कशी झाली, बाई? असल्या डिग्र्या आम्ही खूप बघतो."

वहिनींनी पिशवीतून तिन्ही मार्कलिस्ट काढून टेबलावर ओळीनं मांडल्या. "मॅडम, फ्लेक्स दिराचा हाय, डिग्री माझी हाय. तारखा बघा."

मॅडमनी बघितल्या, कॉलेजात फोनही लावला. मग म्हणाल्या, "कागद बरोबर आहेत. पण तक्रार लेखी आहे. फ्लेक्स लावणाऱ्यानं चूक झाली असं लेखी द्यायचं आणि फ्लेक्स दुरुस्त करून फोटो आणायचा. सोमवारपर्यंत. नाहीतर अर्ज बाजूला पडेल."

माझं डोकंच सटकलं. बाहेर येऊन म्हणालो, "वहिनी, सगळ्या वस्तीदेखत मी माझं थुंकलेलं चाटू व्हय? गपगुमान उतरवून टाकतो, मिटलं."

"उतरवायचा न्हाई, भावजी." वहिनी कधी आवाज चढवत न्हाईत, तवाही चढवला न्हाई. "तुम्ही कौतुकानं छापलं, मला कळतं. पण मधली वर्षं मी काढली ना? दरसाल परीक्षेच्या दिवसांत भांडी घासताना मनातल्या मनात पेपर लिहायचे मी. ती वर्षं पुसून मला हुशार नका करू."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तिथंच ऑफिसच्या पायरीवर बसून मी चूक कबूल केल्याचं लिहून दिलं.

पुढच्या महिन्यात यादी लागली आन् वहिनींचं नाव पहिलं आलं. पण मला आठवतो तो मुदतीच्या सोमवाराआधीचा रविवार. सकाळी सगळी वस्ती विहाराम्होरं जमलेली, आन् मी शिडीवर, हातात रंगाचा डबा. दोन वर्षं शिकायची, चौदा थांबायची, एक पुन्हा शिकायचं. 'एका वर्षात'मधल्या 'एका'वर मी पांढरा कागद चिकटवला आन् त्यावर लिहिलं, 'सतरा'. बारा शुभेच्छुकांपैकी निम्मे खाली उभं राहून हसत होते.

मग त्याच्या अलीकडचा शब्द दिसला. मी वरूनच विचारलं, "वहिनी, हे 'अवघ्या' पण पुसू का?"

पदरानं ऊन अडवत वहिनींनी पाटी पहिल्यापासून वाचली.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "अजून सतरा लागली असती तरी केलं असतं मी."