चैनीची दोन चाकं

स्कूटरला मागून दोन जादा चाकं लावून घेणं ही चैन आहे का? तुमचं उत्तर आत्ताच ठरवून टाका आणि मगच पुढे वाचा. शेवटी मी ते मागणार आहे.

आमच्या घरात पत्रकांना तोटा नव्हता. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कारखान्याच्या युनियनमध्ये होते आणि वाटून उरलेले गठ्ठे घरीच येत. कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं, तळलेले वडे काढायला पत्रकं, माझी गणितं पत्रकांच्या पाठच्या बाजूला. मी वाचायला शिकलो तोच 'कामगार बंधूंनो' या शब्दांपासून. त्यामुळे कुठेही अन्याय असला की तो मला जरा लवकर दिसतो. माझी थोरली बहीण, अक्का, म्हणायची की मला तो आमटीतही दिसतो.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही बेंगळूरला, मडिवाळ्याला राहायचो. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे अक्काचा उजवा पाय अधू होता. पायाला पट्ट्यांचा आधार आणि हातात काठी, अशी ती चालायची. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली. टेबलाशी बसून छोटे छोटे भाग जोडायचं काम, तिच्या आवडीचं. पण तिथवर पोचायचं कसं? कारखान्याच्या बसच्या पायऱ्या एवढ्या उंच की त्या चढायला तिला दोन माणसं लागली असती. साध्या बसनं गेलं तर मुख्य रस्त्यावर उतरून निलगिरीच्या झाडांमधून बरंच चालावं लागे, आणि ते तिला रोज जमणारं नव्हतं. तेव्हा असं ठरलं की घरातल्या बिनगिअरच्या स्कूटरला मागे दोन्ही बाजूंनी चाकं लावायची आणि अक्कानं आपली आपण जायचं. एका मैत्रिणीच्या तसल्याच गाडीवर ती शिकली होती, लायसनही काढलं होतं. अडलं होतं ते चाकांपाशी. गावातला मेकॅनिक महिनाभर थांबा म्हणत होता आणि अक्काला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. सोमवारी आली नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला देऊ, असं कारखान्यानं स्वच्छ सांगितलं होतं.

म्हणून रविवारी सकाळी मी अक्काला मागे बसवून होसूरला निघालो.

होसूर हद्दीच्या पलीकडे, तमिळनाडूत. तिकडे कर कमी, त्यामुळे माल स्वस्त. टायर, सीटकव्हर, आरसे, गाणारे हॉर्न, काहीही हवं असलं की बेंगळूरचे लोक होसूर गाठायचे. परत येताना नाक्यावर या मालाचा कर भरायचा असतो हे मात्र सगळे विसरायचे. आणि विसरायला मदत करणं हा दुकानदारांच्या सेवेचा भाग होता.

आमच्या दुकानदारानं सकाळभरात चाकं बसवून दिली. आरटीओत नोंद करून घ्या, असं बजावलं. मग तो आत जाऊन एक बादली घेऊन आला. बादलीत लाल चिखल.

"लावू?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"चाकं नवी दिसताहेत. नाका ओलांडेपर्यंत जुनी दिसली तर बरं. याचे पैसे नाहीत."

मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. कर भरायचा, पावती घ्यायची आणि कर चुकीचा असेल तर त्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं, ही आमच्या घरची रीत. चिखलबिखल चालणार नाही. दुकानदारानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि अक्काकडे बघितलं. गिऱ्हाईक कोण ते त्याला बरोबर कळलं होतं.

"नको चिखल," अक्का म्हणाली. "पहिल्यांदा माझं स्वतःचं काहीतरी चकाकतंय. चकाकू दे."

परत येताना अक्का पुढे आणि मी मागे. आयुष्यात पहिल्यांदाच मी, तिचा तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, तिच्या मागे बसलो होतो.

"तम्मा, इतकं घट्ट धरू नको," ती म्हणाली. "ही गाडी आता पडत नाही."

नाक्यावर आमच्या पुढे एक मोटार होती. टप आरशासारखं स्वच्छ आणि चारी टायर चिखलानं माखलेले. पाऊस म्हणजे त्या मोटारीच्या फक्त पायाशी पडला असावा. नाक्यावरच्या साहेबांनी तिला हात हलवून सोडलं. मग त्यांचं लक्ष आमच्या चाकांवर गेलं.

"हे नवीन?"

"नवीन," मी म्हणालो आणि त्यांनी मागायच्या आत बिल पुढे केलं.

साहेबांनी ते बिल लग्नाची पत्रिका वाचावी तसं दोन्ही बाजूंनी वाचलं. आपण होऊन बिल दाखवणारा माणूस त्यांना नवा असावा. मग आम्हाला आत शेडमध्ये बोलावून त्यांनी दरांचं पुस्तक उघडलं. बोट फिरत फिरत एका जागी थांबलं. जादा दिवे, गाणारे हॉर्न, शोभेच्या पट्ट्या, जादा चाकं. वर मथळा होता: वाहनाचं चैनीचं सामान. चैनीचं म्हणून कर दणदणीत.

माझं डोकं फिरलं. "चैन? ही चैन आहे?"

"अपंगांना माफी आहे हो," साहेब शांतपणे म्हणाले. "डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्या आणि जा."

सर्टिफिकेट घरी होतं, ट्रंकेत.

"मग असं करा, चाकं काढून इथे ठेवा. उद्या सर्टिफिकेट आणा आणि घेऊन जा."

"उद्या हिला कामावर जायचंय. माणूस समोर उभं आहे. पाय दिसत नाही का तुम्हाला?"

"मला दिसतो. फाइलला दिसत नाही."

दोन लॉरी ड्रायव्हर ऐकायला दारात येऊन उभे राहिले. ऐकणारे मिळाल्यावर मी काय थांबतोय? कर कशावर असावा, कशावर नसावा, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "अक्का, यांना जरा चालून दाखव."

अक्का चालली. थेट माझ्यापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तम्मा, केव्हापासून तू माझा पाय बाजारात भाजी मांडावी तसा मांडून बसलायस. उचल आता."

"अगं, पण तत्त्वाचा प्रश्न आहे. हा कर भरला म्हणजे ही चैन आहे असं आपण कबूल केलं."

"मग कबूल. तुझ्या तत्त्वावर बसून मला उद्या कामाला जाता येणार असेल तर सांग. आत्ता चाकं काढून देते."

ड्रायव्हरांपैकी एक हसला. माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते ऐकायला ती थांबली नाही. टेबलाशी जाऊन म्हणाली, "सर, चैनीत लिहा. स्वल्प लवकर, जरा घाई आहे."

साहेबांनी पावतीबुक ओढलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मालकाचं नाव?"

अक्कानं काठी टेबलाच्या पायावर दोनदा वाजवली. "मालक इकडे आहे."

"सरी, अम्मा, बरं," साहेब म्हणाले आणि तिचं नाव विचारून त्यांनी पावती लिहिली. शिकवण्यांचे साठवलेले पैसे अक्कानं पर्समधून काढून दिले. पावती वाचली. स्वतःच्या नावावर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचली.

बाहेर आल्यावर मी परत सुरुवात केली. ती म्हणाली, "बस मागे. चैनीचा कर भरलाय ना? मग आता चैन करू."

घरी जायचं सोडून तिनं इलेक्ट्रॉनिक सिटीत गाडी वळवली. रविवार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दोन्हीकडे निलगिरी. तिनं गाडी जेवढी पळते तेवढी पळवली. जादा चाकांमुळे ती फार पळत नव्हती, पण अक्काचा पदर मात्र माझ्या तोंडावर सारखा आपटत होता. कारखान्याच्या फाटकासमोर तिनं एक गोल चक्कर मारली. मग दुसरी. तिसरीला वॉचमन बाहेर आला.

"कोण पाहिजे, अम्मा?"

"कोणी नको. उद्यापासून इथे यायचंय. रस्ता बघतेय."

"रस्ता तर सरळ आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि चौथी चक्कर मारली.

परतताना कोपऱ्यावर शहाळेवाला दिसला. अक्का गाडीवरून न उतरता शहाळं प्यायली. उतरायचं, काठी शोधायची, परत चढायचं, यातलं काही नाही. मलई काढून द्यायलाही तिनं गाडीवर बसूनच सांगितलं.

सोमवारी ती कामावर गेली, एकटी, आणि मी पत्रक लिहायला बसलो. पहिली ओळ होती, 'बिचाऱ्या अपंगांच्या कुबड्यांवर कराचा बोजा!' संध्याकाळी तिनं चहा पिता पिता ते वाचलं आणि अख्खी ओळ खोडली. वर लिहिलं, 'कामावर जाणाऱ्या बाईच्या चाकांवर चैनीचा कर.' उद्गारचिन्हही काढून टाकलं.

"बाकीचं बरं आहे," ती म्हणाली. "लांबलंय, पण बरं आहे."

तिनं तो कर भरायला नको होता, असं मी अजून म्हणतो. ती म्हणते, "भरला म्हणून मी कामावर गेले. आता तू भांड." आमचा हा वाद मिटलेला नाही. पण भांडायचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि त्यातलं थोडं मी तुमच्याकडे देतो.

सुरुवातीला ठरवलेलं उत्तर काढा. ते 'नाही' असेल तर तुमच्या गावच्या कर कचेरीत जा आणि दरांचं पुस्तक बघायला मागा. आढेवेढे घेतले तर परत मागा. जादा चाकं कुठल्या मथळ्याखाली आहेत ते शोधा. गाणाऱ्या हॉर्नच्या शेजारी सापडली, तर तिथेच बसून अर्ज लिहा की ती तिथून हलवा, आणि अर्ज मिळाल्याचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. फक्त त्या अर्जात 'बिचारी' हा शब्द घालू नका.