गंगारामचे कासरे

मी गंगारामला फसवलं. बाजारानं मला फसवलं असं मी वर्षानुवर्षं ओरडत आलो, आणि तेही खोटं नाही. पण गंगारामला मी फसवलं. हे आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

दारव्ह्याला माझं दोरांचं दुकान होतं. कासरे, मोरक्या, दावी — बैलाला लागतं ते सगळं. सुरुवात केली ती डोक्यावर गठ्ठा घेऊन, बोरी अरबच्या बाजारात उन्हात बसून. मला कोणी काही फुकट दिलं नाही, मीही भावात कोणाला सोडलं नाही. डोकं गरम, तोंड त्याहून. लोक माल घ्यायचे, नमस्कार मात्र करायचे नाहीत.

गावाबाहेर महारोग्यांचा आश्रम निघाला, त्याच्या मदतीसाठी सभा भरली. भाषणं झाली. तिथले रोगी अंबाडीचे दोर वळतात, ते कोणी विकून दिले तर आश्रमाला हातभार लागेल, असं ठरलं. कोणी म्हणजे कोण? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा किसनशेट आडत्या, माझा जुना वैरी, माझ्याकडे बोट करून म्हणाला, "दोरवाले तर हे बसले नं! पन यायच्यानं काय होते? हे तर सख्ख्या बापाले भाव कमी करत नाहीत." सभा हसली. मी तडकून उठलो. "सगळा माल माहा. एक दोर तुह्या दारात येनार नाही!"

टाळ्या पडल्या. टाळ्यांना काय लागतं?

माल आला आणि कोणी हात लावेना. "महारोग्याचा दोर? शेटजी, बैल लेकरू आहे माह्यं," म्हणायचे. दोरानं रोग लागत नाही, हे आश्रमाचे डॉक्टर सांगून थकले. टाळ्या वाजवणाऱ्यांनीही आपले गडी दुसऱ्या दुकानात धाडले. मी गठ्ठे मागच्या कोठीत टाकले आणि आश्रमाला पैसे पदरचे दिले. तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का? माल खपत नाही — तीन शब्द. पण किसनशेट हसला असता. आणि दुसरं — हे लिहायला जड जातं — आश्रमात मी गेलो की सगळे उभे राहायचे. माझ्यासाठी त्याआधी कोण उभं राहिलं होतं?

दोर वळणाऱ्यांत गंगाराम सगळ्यांत सरस. दर खेपेला विचारायचा, "शेटजी, काय म्हनतेत लोकं माह्या दोराले?"

"मांगून राह्यले," मी म्हणायचो. "पुरत नाही."

त्याचा चेहरा उजळायचा. त्याच्याच सुखासाठी खोटं बोलतो, अशी मी माझी समजूत घालायचो.

मग पोळा दोन महिन्यांवर आला. आश्रमात पाहुणे बसले होते, त्यांच्यासमोर मी बोलून गेलो, "यंदा दुप्पट लागन, गंगाराम." का बोललो? पाहुणे ऐकत होते म्हणून. दुसरं कारण नाही.

पोळ्याला महिना होता तेव्हा माल न्यायला गेलो. कासऱ्यांवर तांबडे पट्टे दिसले. मी हसत म्हणालो, "वा रे पठ्ठ्या! पोळ्यासाठी रंगवले काय?"

गंगारामनं कासरा उचलला. पाहिला. मग स्वतःचा तळवा उलटून पाहिला.

त्या रोगात हाताला काही कळत नाही. दोर कातडीत उतरला तरी कळत नाही. मला हे ठाऊक नव्हतं? होतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं — कामाची घाई लावू नका.

हात चिघळला. उजव्या हाताची बोटं काढावी लागली.

तरी पोळा पाहायला तो आला. तोरणापासून लांब, बाभळीखाली, पट्टीचा हात छातीशी धरून उभा. मी गेलो तर हळूच विचारलं, "शेटजी, याच्यात माहा कोनता?"

अख्ख्या पोळ्यात त्याचा एकही नव्हता. मी पाटलाच्या पांढऱ्या जोडीकडे बोट केलं.

"शोभून राह्यला नं?"

"शोभून राह्यला," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला पाहतो तर तो डाव्या हातानं वळत होता. दोराचं एक टोक दातात. मला पाहून उठायला लागला. तोंडातलं टोक काढून म्हणाला, "येत्या पोळ्याले कमी पडू देत नाही, शेटजी." तेव्हा तरी बोललो? नाही. तो दोरही घेतला आणि कोठीत टाकला. गंगाराम पुढं त्या आश्रमातच वारला. जाईपर्यंत वळत होता.

गावानं दोर नाकारला, त्याचा जवाब मी किसनशेटला भर रस्त्यात मागितला, पाटलाला मागितला, अख्ख्या बाजाराला मागितला. पण दोर खपतो, असं गंगारामला सांगितलं कोणी? बाजारानं? किसनशेटनं? त्याचा जवाब कोणी द्यायचा? कोठीची किल्ली तर माझ्याच कमरेला होती.